तोफेला काय धाड भरलीय

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत. हे नाव ठेवलं मुकादमानेच, एकदा तिने सगळ्यांदेखत त्याची बिनपाण्याने केली त्यानंतर. साबण कमी आला, कुणाची रजा कापली, की तोंडाचा पट्टा सुरू. पण तिला स्वतःच्या दुखण्याबद्दल विचारा, एकच उत्तर यायचं. "मला काय धाड भरलीय?"

धाड भरली होती, चांगलीच भरली होती. धाकटा झाला आणि महिना पुरा व्हायच्या आत बाई पुन्हा मशीनपाशी उभी राहिली. ओल्या चादरींचा पिळा काय चीज असते ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. दोघींना आवरत नाही, आणि ही एकटी पोटाशी धरून सुकवायच्या ड्रमपर्यंत न्यायची. आधी नुसतं खाली जड जड वाटायचं. मग एक दिवस अंगच बाहेर आलं, गर्भाची पिशवीच खाली उतरली. घाबरली बिचारी. मोरीत गेली, हाताने आत सारलं, तोंड धुतलं आणि परत कामाला लागली. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने आपली गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली. त्यावर दोघांत पुन्हा शब्द नाही. अशीच वर्षं गेली, आणि दुखणं वाढत गेलं.

शेवटी ती मोठ्या दवाखान्यात गेली ती नातीपायी. धाकट्याचीच पोर, नुकती पळायला शिकलेली. आजी कामावरून आली की दोन्ही हात वर करून धावत यायची. एकदा तिने उचलली आणि दारातच अंग खाली आलं. पोर पडता पडता वाचली. तेव्हापासून पोर धावत आली की तोफ म्हणायची, "जा गं, माझे हात ओले आहेत." असं म्हणायची आणि आत जाऊन रडायची. ऑपरेशन करून घ्यायचं आणि पोरीला एकदा मनसोक्त कडेवर घ्यायचं, एवढीच बाईची हाव.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ऑपरेशन लागेल म्हणाल्या, पण खाटा थोड्या आणि बायका ढीगभर, तेव्हा जिला त्रास जास्त तिचा नंबर आधी. तो त्रास मोजायला एक मुलगी बसवली होती. गेल्या चार आठवड्यांत काय काय झालं ते विचारायची आणि उत्तरांना गुण द्यायची. त्रास जितका मोठा, तितके गुण जास्त. पण हे तोफेला कुणी नीट समजावलं नाही.

आणि इथेच घात झाला. कारखान्यातही दरवर्षी एक डॉक्टर यायचा आणि मुकादमाच्या शेजारी बसून असंच विचारायचा, कंबर दुखते का, चक्कर येते का. एकदा एकीने भाबडेपणाने हो म्हटलं, तर पुढच्या महिन्यात तिच्या जागेवर दुसरीच उभी. तेव्हापासून सगळ्याजणींनी कानाला खडा लावला होता. कुणी विचारलं की नाही म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, आणि तोफेच्या तोंडून नाही निघालं ते शेवटपर्यंत नाहीच. वर ऐटीत तेच पालुपद, मला काय धाड भरलीय. परीक्षा पास झाल्यासारखी मान ताठ करून बाहेर आली. काय म्हणावं या बाईला?

उलगडा झाला तो कारखान्यातल्या इस्त्रीवालीमुळे, दुखणं तिचंही तेच. दोघी एकाच दिवशी तपासून आल्या होत्या, आणि इस्त्रीवाली ऑपरेशन करून घरीसुद्धा आली. "मी सगळ्याला हो म्हटलं," ती म्हणाली. तोफेच्या डोक्यात तिडीक गेली, तीही स्वतःवरच. जन्मभर नको तिथे तोंड चालवलं आणि बोलायचं तिथे मूग गिळले.

दुसऱ्याच दिवशी खाडा करून ती दवाखान्यात गेली आणि खिडकीवर इतकी भांडली की त्या मुलीला पुन्हा प्रश्न घेऊन बसावंच लागलं. या खेपेला खरं तेच सांगणार, तोफेने आधीच बजावलं.

लघवीचा त्रास? हो. वजन उचलताना? रोज. तिथवर ठीक चाललं. मग मुलीने विचारलं, गेल्या चार आठवड्यांत कुणाकडे जाणं टाळावं लागलं का? तोफ विचारात पडली. बसल्या जागी कपडे ओले होतील या भीतीने बहिणीकडे जाणं सोडून वर्षं झाली होती. आता कुणी बोलावतच नव्हतं, टाळणार काय? नवऱ्याशी संबंधांत अडचण? संबंध असते तर अडचण आली असती. दोन्हीकडे खूण पडली, त्रास नाही.

"घरातलं लहान मूल उचलताना त्रास झाला का मावशी? गेल्या चार आठवड्यांत?"

"नाही," तोफ म्हणाली. "आता ती येतच नाही माझ्याकडे."

मुलीचा हात थांबला. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण तसं लिहायला जागाच नव्हती. तिने पुन्हा तीच खूण केली आणि बेरीज केली. मागच्यापेक्षा गुण बरे आहेत, पण पुढे अजून खूप बायका आहेत, वर्षभराने या, असं तिने हळू आवाजात सांगितलं. तोफेने भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. भांडणार कुणाशी? बोललेलं सगळं तिचंच होतं, आणि खरं होतं.

घरी आली तेव्हा नात दारात खेळत बसली होती. आज कामावर गेली नव्हती, हात अगदी कोरडे होते. तोफ खाली बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

पोरीने बसल्या जागेवरून पाहिलं.

"ओले आहेत," ती म्हणाली, आणि आजीला आत जाता यावं म्हणून बाजूला सरकली.