उजवीकडचं दार

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. चारचौघांत कोणी लागेल असं बोललं तर उलट काय बोलायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी गप्प बसायचे आणि लक्षात ठेवायचे.

दुबईतल्या आमच्या कॉलेजात एक प्रोजेक्ट होता. फुजैराच्या एका अरब आजोबांनी सरांकडे पत्र्याचा एक तुकडा आणि एक जुना फोटो दिला होता. महायुद्धाच्या काळात त्यांच्या गावाजवळ वाळूत विमान पडलं होतं. त्याचा हा पत्रा त्यांच्या वडिलांनी उचलून आणला आणि शेळ्यांच्या गोठ्यावर घातला. विमान कुठलं, एवढंच आजोबांना हवं होतं. फोटोत विमानाचं नाक नव्हतं, शेपटीही नव्हती. मधला भाग दिसत होता : एक इंजिन, खिडक्या, दार. समोर तीन गोरे शिपाई रांगेत उभे, आणि विमानावरची अक्षरं नेमकी त्यांच्या पाठीमागे झाकलेली.

गटाचा लीडर मराठीच होता. त्याच्या बाबांचा मसाल्यांचा व्यापार, राहायला व्हिला. आम्ही अल मनखूलला, दोन कुटुंबांत एक फ्लॅट. आई हॉलमध्ये मशीन टाकून ब्लाउज शिवते, आणि त्याची आई तिची जुनी गिऱ्हाईक. एकदा तो ब्लाउज न्यायला आमच्याकडे आला. आईने त्याला आग्रहाने बसवून कोकम सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी पत्र्याचं माप घेत होते, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "अरे, हिच्या हातात टेप कशाला दिलीत? ही विमानाला बाह्या लावेल! आईला फोन कर गं, विचार, कोपरापर्यंत हव्यात की थ्री-फोर्थ?"

सगळे हसले. गटातल्या केरळच्या मुलीला कळलं नव्हतं, तिला कोणीतरी हिंदीत समजावलं. मग तीही हसली.

मला हसले असते तर बहुतेक मी सोडून दिलं असतं. पण आदल्याच दिवशी आईने त्याला 'बाळा' म्हटलं होतं, आणि तो गेल्यावर 'किती साधा मुलगा आहे' असंही म्हणाली होती. मी त्याच क्षणी ठरवलं, ह्याचं असंच हसं करायचं. ह्याच लोकांसमोर.

फोटोत इंजिन उजव्या हाताला होतं. इंजिन पंखाच्या पुढच्या कडेला असतं, म्हणजे विमानाचं तोंड उजवीकडे, म्हणजे दिसते ती विमानाची उजवी बाजू, आणि दारही उजवीकडे. ॲन्सन नावाच्या ब्रिटिश विमानाला दार उजवीकडे असतं, एवढं त्याने शोधलं आणि निकाल लावून टाकला. ॲन्सनच्या अंगावर बरंचसं कापडच असतं, मग हा पत्रा कुठला, असं मी चाचरत विचारलं. "इंजिनाचं झाकण असेल. खलास. टाइप कर."

पुढे एका दुपारी फोटो जवळ घेऊन बघताना मला शिपायांचे शर्ट दिसले. तिघांचीही बटणांची उजवी पट्टी वर, डावी खाली. पुरुषांच्या शर्टाला डावी पट्टी वर असते, बायकांच्या उजवी. शाळेत असल्यापासून मी आईकडे आलेल्या कपड्यांना बटणं लावत आले आहे, यात माझा हात चुकत नाही. तीन शिपाई बायकांचे शर्ट घालून उभे राहणार नाहीत. म्हणजे छापतानाच कधीतरी निगेटिव्ह उलटी पडली होती आणि अख्खा फोटो आरशातल्यासारखा उलटा आला होता. मी फोनवर तो पलटवला. दार डावीकडे गेलं. डावीकडे दार, अंगभर पत्रा, पंखावर इंजिन : शोधल्यावर सापडलं हडसन नावाचं अमेरिकन विमान. तुकड्याची गोलसर कड आणि तिच्याजवळची रिव्हेटांची रांग हडसनच्या आकृतीतल्या दाराच्या खालच्या कोपऱ्याशी जुळली.

मी कोणालाही सांगितलं नाही. त्याच्या स्लाइडवर 'ॲन्सन' मीच टाइप केलं. "अजून मोठं कर," तो म्हणाला. केलं.

ओपन डेला पालक आले होते, त्याची आईसुद्धा. तो छान बोलला. सरांनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? मी हात वर केला.

"तुझ्या शर्टाची कुठली पट्टी वर आहे?"

त्याने खाली मान घालून पाहिलं. मग सगळ्यांनीच आपापल्या छातीकडे पाहिलं, सरांनीही. मी शिपायांकडे बोट दाखवलं, पलटवलेला फोटो दाखवला. सरांनी माझ्याकडची आकृती मागून घेतली, पत्रा तिच्याशेजारी धरून बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "हडसन." मागून कोणीतरी फिसकन हसलं. तो त्या मोठ्या अक्षरांपुढे तसाच उभा राहिला. मी त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं.

बाहेर पॅसेजमध्ये त्याने मला गाठलं. "यू कुड हॅव टोल्ड मी."

"हो."

"मग? टीममध्ये असं करतात का? मी काय केलं होतं तुला?"

"बाह्या," मी म्हटलं.

"कुठल्या बाह्या?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. इतके दिवस मी जे रोज उगाळत होते, ते तो लॅबच्या दारातच टाकून गेला होता. आत मिळालेलं सगळं समाधान मला एकदम अपुरं वाटायला लागलं.

एवढ्यात त्याची आई आली. "अगं, किती हुशार आहेस! आईला का नाही आणलंस? कौतुक वाटलं असतं तिला."

"काकू," मी म्हटलं, "हा माझ्या आईबद्दल लॅबमध्ये काय म्हणाला होता, ते विचारा ना त्याला. विमानाच्या बाह्यांचं."

आता त्याला आठवलं. चेहऱ्यावरच कळलं.

"काय रे?" काकू म्हणाल्या.

"मम्मा, इट वॉज जस्ट अ जोक, आय डिडन्ट मीन..."

"मराठीत सांग."

मला न्यायला आलेले माझे बाबा खाली गाडीत थांबले होते, माझ्या फोनवर त्यांचा कॉल वाजत होता. मी तो बंद केला आणि तिथेच उभी राहिले. मला त्याच्या तोंडून शब्दन् शब्द ऐकायचा होता.