पाहुण्यांना गुळाचा चहा

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी लग्न होऊन कळंबला आले, तेव्हा शेजारच्या काकूंच्या परसात मधमाश्यांची लाकडी पेटी होती. काकू बोलायला तुटक. थंडीत फुलं कमी झाली की त्या वाटीत साखरेचं पाणी घेऊन पेटीत ठेवायच्या. माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकायच्या.

एका हिवाळ्यात त्यांच्या लेकीला बघायला इंदापूरची माणसं आली. घरातली उरलीसुरली साखर सकाळीच पेटीत गेली होती. मी मदतीला गेले होते. काकूंनी सरळ गुळाचा चहा पुढं केला.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "साखर न्हाय व्हय घरात?"

"हुती. माश्यांना घातली. गूळ आपल्याला चालतुय, त्यांची पोटं बिघडत्यात."

आत लेक रडायला लागली. ती बाई मात्र उठली, परसात गेली आणि पेटीला कान लावून उभी राहिली. परत येऊन तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला.

"पोर आमाला द्या," ती म्हणाली.

पुढच्या थंडीत काकू पेटीजवळ बसून माश्यांना लेकीच्या सासरचं सगळं सांगायच्या. कुंपणाआडून ऐकताना माझे डोळे भरून यायचे. माझंही माहेर लांबच होतं.