आमच्याच आडनावाचं स्थळ

आमचं आडनाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "मराठीच ना तुम्ही?" सगळं आयुष्य नागपुरात गेलं, तरी या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. वडील सांगायचे, मराठ्यांच्या फौजेबरोबर आपला कोणी पूर्वज घाटावरून आला आणि इकडेच हत्तीखान्यावर चाकरीला राहिला. आत्याच्या मते तो फौजेतून पळालेला होता. खरं काय, कोणालाच ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र घरात सगळे ठासून सांगत: या आडनावाचा माणूस कुठेही भेटला तरी तो आपल्या भावकीतलाच.

भेटला मात्र कोणीच नाही. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला शेजारी होते, ऑफिसातले लोक होते. भावकी म्हणून मी एकटा. तेव्हापासून मला खोडच लागली. मौद्याला जा नाहीतर कन्हानला, दुकानांच्या पाट्या वाचत फिरायचं. लग्नपत्रिका आली की वधूवरांच्या आधी निमंत्रकांची आडनावं चाळायची. बायको म्हणायची, "सापडला त काय त्याले घरी आणून ठेवता?"

मग गेल्या हिवाळ्यात मुलीने सांगितलं, तिला एका मुलाशी लग्न करायचंय. शिकलेला, नोकरीवाला, मूळचा खाप्याचा. आणि आडनाव? आमचंच.

आनंदाने उडी मारावी की कपाळावर हात मारून घ्यावा, कळेना. इतकी वर्षं शोधलेली माणसं सापडली होती, आणि ती आपली नसावीत म्हणून मी देवाला साकडं घालत होतो. भावकीत सोयरीक होत नाही. तिथे ही दोघं भाऊ-बहीण ठरणार. एकच वाट उरली होती, देवकाची. आडनाव एक असलं तरी देवक वेगळं निघालं, तर कुळं वेगळी. आमचं देवक पंचपल्लव, म्हणजे लग्नात देवाजवळ पुजतात ती पाच झाडांची पानं. त्यांचं कोणतं, ते मुलाला माहीत नव्हतं. हल्लीच्या पोरांना पासवर्ड सोडून काही पाठ नसतं! आजोबा सांगतील म्हणे, रविवारी खाप्याला या.

रविवार येईपर्यंत मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मुलगी शांत होती, त्याचाच जास्त राग यायचा. खाप्याला जाताना गाडीत न राहवून विचारलं, "एकच निघालं त?"

"त मी लग्नच नाही करत, बाबा. कोणाशीच नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

मुलाच्या आजोबांनी दारातच माझे दोन्ही हात धरले. "ये गा, ये! आपल्या आडनावाचा माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिलो!" ऐंशीच्या घरातला माणूस, डोळे पाण्याने भरलेले. त्यांनीही पार भंडाऱ्यापर्यंत शोध घेतला होता. माझ्यासारखंच खूळ. मला ते फार आवडले, आणि त्यामुळे आणखीच धडकी भरली. ते मला सोडून कोणाशी बोलेनात. मी बसल्या बसल्या पाय हलवत होतो. शेवटी मध्येच तोडून विचारलं, "काका, तुमचं देवक कोणतं?"

"पहिले तुझं सांग."

खोटं बोलायचं मनात आलं होतं. तोंडातून खरंच निघालं. "पंचपल्लव."

दाराशी उभ्या असलेल्या आजी पदराला हात पुसत पुढे आल्या. चेहरा नुसता फुलला होता. "अवो, हे त आपलंच..."

"आपलं कळंबाचं पान आहे," आजोबा म्हणाले. "तू चहा ठेव वं."

आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं, तिच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या नातवाकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला आत गेल्या. तोवर मला अरेतुरे करणाऱ्या आजोबांनी माझा हात पुन्हा हातात घेतला आणि माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "जमते मंग सोयरीक. तुम्ही आमचे कोणी लागत नाही."