शाल घालून काढलेल्या काकू

नोकरीवरून काढायच्या पुष्कळ पद्धती मला माहीत आहेत. कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहिणं आणि ती रस्त्यावर उभं राहून वाटणं हेच माझं काम आहे. इथे अमेरिकेत ईमेलवर काढतात, फोनवर काढतात, काहींना तर सकाळी ऑफिसचं दार बॅज लावूनही उघडत नाही तेव्हा कळतं. पण स्टेजवर बोलावून, शाल-श्रीफळ देऊन, टाळ्यांच्या कडकडाटात माणसाला काढावं तर आपल्याच लोकांनी.

आमच्या शेजारच्या काकू जवळच्या आयसेलिन गावात एका साडीच्या दुकानात काउंटरवर होत्या. मूळच्या नागपूरच्या. आताचा मालक शाळेत होता तेव्हापासून त्या तिथे. वडिलांनंतर दुकान त्याच्या हातात आलं आणि त्याला सगळं फ्रेश करायची घाई झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यानं स्पॉन्सरशिप घेतली, आरती झाल्यावर काकूंना स्टेजवर बोलावलं, त्यांना दुकानाचा आधारस्तंभ म्हटलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. काकूंचे डोळे भरून आले. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

सोमवारी काकू कामावर गेल्या, तर त्यांच्या जागी एक नवी मुलगी साड्या दाखवत होती. मालकाला वाटलं, काकूच विसरल्या. तुमचा निरोप समारंभ झाला ना, असं त्यानं अगदी प्रेमानं विचारलं.

संध्याकाळी काकू आमच्या किचनमध्ये बसून हे सांगत होत्या आणि मी उभ्याउभ्या पेटले होते. वय झालं म्हणून माणसाला काढणं इथल्या कायद्यात बसत नाही. शिवाय त्याच दुकानात गल्ल्यावर एक काका बसतात. मालकाच्या वडिलांचे मित्र, काकूंपेक्षा वयानं बरेच मोठे, दुपारी बसल्याबसल्या डुलकी काढणारे. काकांना खुर्ची, काकूंना दिवसभर उभं राहणं. काकांना कोणी शाल घातली का? नाही. गिऱ्हाईक बाईचं वय बघतं, पुरुषाचा अनुभव बघतं, असं काहीतरी मालकाच्या डोक्यात असणार.

मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. शोषण, पितृसत्ता, भांडवल, सगळं आलं. काकूंनी चष्मा लावला आणि थोड्या वेळानं कागद खाली ठेवला.

"मथळा वाचूनच दमले गं मी," त्या म्हणाल्या. "मला क्रांती नको, माझा काउंटर हवाय. घरी बसले तर सुनेच्या स्वयंपाकात लुडबुड करीन. मग तीही मला शाल घालेल."

तक्रार दाखल करायचा रस्ता मी समजावून सांगितला. तो लांबचा होता, आणि लग्नाचा सीझन तोंडावर आलेला. आधी पत्रक वाटून दुकानातच बोलून बघू, नाही जमलं तर तक्रार, असं ठरलं. मी मजकूर खोडत गेले. शेवटी उरलं ते एवढंच: ‘गल्ल्यावरचे काका काकूंपेक्षा मोठे आहेत. त्यांचा सत्कार कधी?’

शनिवारी दुकानाबाहेरच्या फुटपाथवर मी पत्रकं वाटली. बायका वाचायच्या, हसायच्या आणि आत जाऊन काकांना विचारायच्या. काका बिचारे प्रत्येकीला थँक यू म्हणत होते. दुकान भरल्यावर काकू शाल आणि नारळ घेऊन आत शिरल्या. मी मागोमाग. मालक पुढे आला, पण काकू त्याला ओलांडून थेट गल्ल्यापाशी गेल्या आणि त्यांनी शालीची घडी मोडली.

"भाऊजी, हा मान आधी तुमचा. तुम्ही मोठे."

शाल खांद्याला टेकली मात्र, काका खुर्चीतून ताडकन उठले. त्यांना इतक्या चपळाईनं हलताना कोणीच पाहिलं नव्हतं.

"अहो वहिनी, नको, मला नको ती शाल. मला अजून काम करायचंय."

पैठणी बघत बसलेली एक बाई फिस्सकन हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. शालीचा अर्थ भर दुकानात, खुद्द गल्ल्यावरून सांगितला गेला होता. माझ्या कामात इतकी चोख साक्ष मला कधी मिळालेली नाही. मालकाचा चेहरा लाल झाला होता. काकू त्याला म्हणाल्या, "तुझी मुंज झाली तेव्हा तुझं धोतर मी सावरलं होतं. काढायचं होतं तर तोंडावर सांगायचंस. भांडले असते, पण रडले नसते."

तो खाली बघत म्हणाला, सोमवारी या. मी म्हटलं, आणि ही नवी मुलगीसुद्धा राहील, तिनं काही केलेलं नाही. शिवाय काउंटरमागे दोघींना स्टूल. काकूंनी माझा हात दाबला, म्हणजे पुरे कर. मी पुरे केलं नाही. स्टूल आले.

काकूंनी त्या नारळाच्या वड्या केल्या आणि सोमवारी दुकानात वाटल्या, मालकानंही घेतली. शाल मात्र त्या रोज घेऊन जातात. दुकानातला एसी फार गार असतो. काकू स्टुलावर बसून ती पांघरतात, आणि समोरून जाताना काका अजूनही थोडं लांबून जातात.