मावशीच्या पिशवीचा कायदा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. ती घराच्या पुढच्या सोप्यात पाय पसरून बसली होती आणि शेंगेगणिक मला शिकवत होती, की लोकांकडं पैसे मयतासाठी मागायचं तर उभ्यानं मागावं, लग्नासाठी मागायचं तर बसून, चहा पिऊन मागावं. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या कॅन्टीनात चपात्या लाटता लाटता ती खाली बसली ती उठलीच नाही. अख्ख्या कागल पंचतारांकित एमआयडीसीत माझ्या बायकोइतकं निर्लज्ज मागणारं माणूस झालं नाही, होणार नाही.

सगळी कंपनी तिला मावशी म्हणायची. कुणाचा हात मशीनमध्ये गेला, कुणाचं घर पुरात बुडालं, की हिची कापडी पिशवी बाहेर निघाली. पिशवीचा कायदा साधा होता. मूठ झाकून आत घालायची, उघडी करून बाहेर काढायची. ज्याच्याकडं काही नाही त्यानं रिकामी मूठ घालायची, कुणाला कळत नाही. नाव नाही, यादी नाही. एका सुपरवायझरनं एकदा पाचशेची नोट सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, तर हिनं पिशवीचं तोंडच आवळलं. "सायब, झेंडा लावायचा आसंल तर हापिसावर लावा." त्यानं मुकाट्यानं नोटेची घडी केली. मागायचं ते जेवणाच्या सुट्टीआधी, कारण पोट भरलं की माणसाची दयाही सुस्तावते, असं तिचं म्हणणं.

मग पॅकिंगमधली एक पोरगी तिच्याकडं आली. लग्नाला सात वर्षं, मूल नाही. डॉक्टरनं टेस्ट ट्यूबचं सांगितलेलं, खर्च लाखात. पोरगी म्हणाली, "मावशी, मागा, पर कशाला ते सांगू नगासा." आता मयताचं सांगता येतं, तुटलेल्या हाताचं सांगता येतं. ह्याचं काय सांगायचं? हिनं तीन दिवस डोकं खाजवलं आणि काहीच न सांगता पिशवी फिरवली.

"मावशी, कुनाला काय झालंय?"

"मूठ घाल, तोंड घालू नगंस."

लोकांनी घातली. पण आठवड्यात सगळ्यांना कळलंच. तेव्हापासून माणसं त्या पोरीच्या पोटाकडं अशी बघायला लागली, जसं काय बी ह्यांनीच पेरलंय. एकजण तिला गेटवर म्हणाला, "पेढं कदी? आमचाबी वाटा हाय." त्याला मावशीनं महिनाभर करपलेल्या चपात्या वाढल्या.

पण औषधपाणी सुरूच होईना. डॉक्टर म्हणाला, आधी नवऱ्याची तपासणी आणा, आणि तो गडी जाईना. शेजारच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, पैलवानी अंगाचा. "माझ्यात खोट न्हाई," एवढंच त्याचं पालुपद. त्याची आई सुनेला टाकून बोलायची, हा ऐकून घ्यायचा. पैसे आमच्या घरी डब्यात पडून राहिले. कंपनीत कुजबूज सुरू झाली की मावशीनं खाल्ले. ज्यांना ह्या बाईनं पुरात उभं केलं तीच माणसं तिच्या तोंडावर बोलली. मी चिडलो. म्हटलं, "सांग की त्यास्नी, तिचा नवरा जात न्हाई म्हणून."

ती म्हणाली, "एका बाप्याची अब्रू छत्तीस वर्सं झाकली. आनि एकाची झाकती."

आम्हाला मूल नाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी तिची तपासणी झाली, तिच्या कागदावर सगळं बरोबर निघालं, आणि डॉक्टरनं मला बोलावलं. मी गेलो नाही. बायका तिला वगळून ओट्या भरायच्या, माझी आई तिला वांझ म्हणायची, आणि मी तालमीच्या कट्ट्यावर मिशीला पीळ देत बसायचो. तो कागद तिनं कुणाला दाखवला नाही.

तिच्या बाराव्याला कंपनीची माणसं आली. आमटी झकास झालीय म्हणाली. हात धुताना एकानं काढलंच, "काका, आज बोलू नये, पर त्या पैशाचं काय झालं?" ती पोरगी तिथंच उभी होती, तिची मान खाली गेली. नवरा मोबाईल बघत होता. मी त्याच्या हातावर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोरीच्या खोलीवर गेलो. तिचा नवरा मोरीत दात घासत होता. म्हटलं, "माझ्या बायकोत काय खोट नव्हती. माझ्यात हुती का, ते तिला मरंपतुर कळलं न्हाई, कारन मी गेलोच न्हाई. शर्ट घाल. मी येतो संगं."

हनुवटीवरचा फेस त्यानं मनगटानं पुसला. मग त्यानं चूळ भरली.

दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही बाकावर जाऊन बसलो. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "तपासणी कुणाची?" तो जमिनीकडं बघत राहिला.

मी म्हटलं, "दोघांची लिवा."