गाव सरकवून मिळेल

फ्लेक्सच्या दुकानात मशिनखाली रोज कातरण साचते, तसे किस्सेही साचतात. कातरण निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से माझ्याच डोक्यात राहतात, म्हणून म्हटलं, आज थोडे तुमच्या अंगावर टाकावेत.

परभणीत स्टेशनजवळ आमचं दुकान आहे. मी डिझाइन करते, भगवानराव मालक. मध्यंतरी त्यांनी भारताच्या नकाशाची एक फाइल विकत घेतली. फाइल चांगली आहे, खोटं कशाला बोलू. राज्यं, जिल्हे, तालुके सगळे सुटे, नद्या आणि रस्ते वेगळे, आणि कितीही मोठं छापलं तरी रेषा धूसर होत नाहीत. मालकांनी लगेच दारावर बोर्ड लावला : 'एडिटेबल नकाशे मिळतील.' तिथून सगळं बिघडलं.

मालकांचं लक्ष मात्र दुकानात कमी आणि गावाकडे जास्त. गाव सोनपेठच्या पुढं. मुलगा बालाजी तिथं शेती करतो, आणि त्याला मुलगी मिळेना. पोरगा निर्व्यसनी, घरचं पाणी आहे, पण मुलीवाले 'परभणीपासून लय लांब' म्हणून परत जातात. हे दुःख मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, त्यानं विचारलं नसलं तरी.

* * *

निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीतले एक साहेब आले. बॅनरवर महाराष्ट्र हवा आणि मधोमध ते स्वतः. डिझाइन बघून त्यांनी नाक मुरडलं.

"ताई, परभणी लय बारकी दिसायलीय. पुण्यापेक्षा मोठी करा."

"साहेब, जिल्हा तेवढाच आहे."

"बाहेर एडिटेबल लिवलंय ना?"

मालकांनी खूण केली. मी जिल्हा धरून ओढला. परभणी नांदेडवर चढली, हिंगोली तर पूर्ण झाकली गेली. मी म्हटलं, हिंगोलीवाले भांडायला येतील.

साहेब खुशीत म्हणाले, "हिंगोली पहिले आपलीच व्हती. वापस घेतली म्हना!"

जिल्ह्यासाठी या माणसानं केलेलं हे एकमेव काम. तेही मीच केलं.

* * *

एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी स्टेजमागे देशाचा मोठा नकाशा हवा होता. मुख्याध्यापक स्वतः रंग ठरवायला बसले. भगवा नको, एक पक्ष समजतील. हिरवा नको, निळा नको, लाल तर नकोच. पिवळ्याचंही त्यांना काहीतरी आठवलं. अख्खी दुपार गेल्यावर देश मातकट रंगात छापला गेला.

कार्यक्रमात पाहुण्यांनी विचारलं, "जमिनीच्या प्रकारांचा नकाशा का?"

सरांनी होय म्हणून मान हलवली. पाहुणे मग काळ्या मातीवर बोलत सुटले आणि पोरांचे नाच राहून गेले.

* * *

आमचे मालक तरी कुठं वेगळे? पहिला मोठा नकाशा छापून निघाला तेव्हा ते त्याच्यापुढं हात मागे बांधून उभे राहिले. त्यांना देशाचा अभिमान वाटत असावा, असं मला वाटलं.

"रेखाताई, ह्या समुद्राला लय शाई चाललीय. काढा समुद्र."

"समुद्र कसा काढू?"

"पांढरा ठिवा. ज्याला पाहिजे त्यानं ज्यादा पैसे द्यावं. परभणीत कुनाला लागायलाय समुद्र?"

तेव्हापासून आमच्याकडे समुद्र जादा दरानं मिळतो.

* * *

प्लॉट विकणारे एक शेठ माहितीपत्रक करायला आले. त्यांचा लेआउट कुठल्या कुठं, मधे ओढा. त्यांनी ओढा पुसायला लावला आणि स्टेशन प्लॉटच्या कुंपणाला आणून टेकवलं. वर लिहायला लावलं, 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.'

मी विचारलं, "शेठ, पाच मिनिटांत पोचतं का माणूस?"

त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवून दाखवलं. "हे बगा, पोचलो."

ते गेल्यावर मालक कितीतरी वेळ हळहळत होते. "लोकं किती खोटं बोलायलेत, रेखाताई. देवाला तरी भ्यावं मानसानं."

* * *

त्याच आठवड्यात मालक माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. बालाजीच्या बायोडाटामागे नकाशा छापायचा होता. त्यांच्या गावाचं नाव पिंपळगाव. या नावाची गावं इतकी आहेत, की मोबाइलवर शोधणारा कंटाळून नाद सोडतो.

"पिंपळगाव जरा वर घ्या. अजून. परभणीजवळच्या पोखर्णीला टेकवा. आन खालचं समदं कापा."

"खाली सोनपेठ आहे. तुमचा तालुका आहे."

"मनूनच कापा."

पेडगावचं एक स्थळ आलं, त्या मंडळींना नकाशा पसंत पडला. मुलगी शीतल, पदवीधर. बघायला यायचा दिवस ठरला.

त्या दिवशी मालकांनी मलाही गावाकडे नेलं. नकाशाचं कुणी विचारलं तर मी बोलायचं होतं. पोहे तयार झाले आणि फोन वाजला.

"आमी पोखर्णीला आलोत. हितं पिंपळगाव कुनालाच म्हाईत न्हाई की."

मालक क्षणभरही अडखळले नाहीत. "तिथल्या नरसिंहाच्या मंदिरात बसा, आलोच. आमच्यात पहिली भेट देवापुढंच होत असती."

ही रीत त्यांच्या बायकोनंही पहिल्यांदाच ऐकली. पोह्यांच्या डब्यासकट आम्हा सगळ्यांना जीपमध्ये कोंबून मालक निघाले. नरसिंहाच्या मंडपात पोचेपर्यंत पोह्यांचा गोळा झाला होता. मुलीच्या वडिलांनी खिशातून नकाशा काढला आणि चटईवर पसरला.

"गाव दावा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहिलं.

बालाजी पुढं सरकला. त्यानं पोखर्णीवर बोट ठेवून ते खाली नेलं, कागद संपला तरी नेत राहिला आणि चटईच्या काठाशी थांबला.

"आमचं गाव हितं हाय. सोनपेठच्या पुढं. नकाशा खोटाय. खोटं सांगून मला लगीन करायचं न्हाई."

त्या घरातल्या कुणाबद्दल तरी मला पहिल्यांदाच आदर वाटला.

मुलीचे वडील ताडकन उठले आणि चपला शोधायला लागले. शीतल जागची हलली नाही. ती अजून चटईच्या काठाकडेच बघत होती.

"बाबा, गाव आत्ता कुठं कळलंय. वापस काऊन जायचं? बघून तर येऊ."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, बालाजीकडे पाहिलं, आणि हातातली चप्पल खाली ठेवून पायात घातली. दोन्ही जीपा सोनपेठच्या दिशेला वळल्या. रस्ता दाखवायला मालक त्यांच्या जीपमध्ये पुढं बसले, मी शीतलच्या शेजारी मागं.

ड्रायव्हरनं गिअर टाकत विचारलं, "लय लांब हाय का, काका?"

"कशाचं लांब. पाच मिन्टं."