वित्त खात्याच्या साहेबांचं गाठोडं

ती घटना आठवली की आजही छातीवरचा दगड नव्यानं उतरल्यासारखं वाटतं. पोलीस खात्यात उभी हयात गेली, पण असं 'हुश्श' पुन्हा क्वचितच म्हणायला मिळालं.

काळ निजामाचा. सरकारी कागदात उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव, अशा या गावात मी अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत इन्स्पेक्टर. गावात एक बडे गृहस्थ होऊन गेले. लिंगायत समाजातले, धान्याची अडत होती. हिशेबाला इतके पक्के की सरकारनं त्यांना दुकानातून उचलून हैदराबादच्या वित्त खात्यात नेलं. तिथं नाव कमावलं, निवृत्त होऊन गावी परतले आणि इथंच वारले. त्यांच्या खाजगी कागदांचं एक गाठोडं घरी होतं. टिपणं, पत्रव्यवहार, खात्यातल्या मसलतींच्या नकला. सगळं उर्दूत, स्वतःच्या हातचं. ते सरकारी दप्तरखान्यात जतन करायचं ठरलं आणि न्यायला हैदराबादहून कारकून आला. माळ्यावर चढून पाहतात तर गाठोडं गायब!

फिर्याद साहेबांच्या विधवा लेकीनं दिली. सगळं गाव त्यांना अक्कासाहेब म्हणायचं.

"अमीनसाहेब, अप्पांचं तेवढंच मागं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "काय बी करा, पण शोधून द्या."

दिवस संशयाचे होते. वित्त खात्याचे कागद बाहेर गेले म्हटल्यावर वर नुसती आग लागली. मोहतमीमसाहेब म्हणजे आमचे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख. त्यांचा निरोप आला की उद्या मी स्वतः येतो, कबुलीजबाब तयार ठेवा. ते कबुली कशी घेतात हे मला चांगलं ठाऊक होतं. कमरेचा पट्टा काढला की समोर म्हातारा आहे की पोर, ते पाहायचे नाहीत.

संध्याकाळच्या आत खबर मिळाली. साहेबांचा जुना दफ्तरी डोक्यावर गाठोडं घेऊन बाजारातून जाताना एका टांगेवाल्यानं पाहिला होता. दफ्तरी म्हणजे कागद लावणं, शिवणं, बांधणं हे काम करणारा माणूस. हा मुसलमान म्हातारा हैदराबादपासून साहेबांच्या सोबत होता. जवान पाठवून त्याला चौकीत आणलं.

"चाचा, गाठोडं तुम्ही नेलंत?"

"व्हय साहेब, म्या नेलं."

"विकलंत?"

"तोबा तोबा! इकीन कशापायी?"

"मग आहे कुठं?"

"ते न्हाय सांगता यायचं. तुमाला काय करायचं ते करा."

समजावलं, दरडावलं, चहा पाजला. म्हातारा ढिम्म! चोराची एक रीत असते. तो आधी शिक्षा किती पडेल ते विचारतो, मग सुटायची वाट शोधतो. या बाबानं मला विचारलं काय, तर "अक्का जेवल्या का?" फिर्यादीच्या जेवणाची काळजी करणारा आरोपी मी तरी पाहिला नव्हता. चोर हा नव्हे, हे मला मनोमन पटलं. पण माझं पटणं मोहतमीमसाहेब थोडंच ऐकणार होते! चाचाला कोठडीत बसवलं, रोजनामच्यात नोंद केली आणि चडफडत घरी गेलो. हा म्हातारा माझ्या चौकीत मार खाऊन मेला तर, या विचारानं भरल्या ताटावरून उठलो.

सकाळी जवानानं हॉटेलातनं भजी आणली. खाऊन मी कागदाचा बोळा केला आणि खिडकीतून भिरकावणार, तोच त्यानं माझा हात धरला. जवानानं अमीनाचा हात धरायचा!

"माफी करा साहेब. उर्दू लिवलंय त्याच्यावर. कुठं वरच्याचं नाव असंल तर पायाखाली जाईल."

त्यानं बोळा उलगडला, तेल पुसलं आणि कागद भिंतीच्या फटीत खोचला.

"आणि असे लई साचले की रे?"

"दर्ग्यात न्हेऊन देतो. तिथं मुजावर जमवून ठिवतेत, मंग कोरड्या हिरीत सोडतेत."

ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण त्या क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जन्मभर कागदच सांभाळलेला हा म्हातारा ते गाठोडं दुसरीकडं नेईलच कुठं? तसाच उठलो आणि सायकल दर्ग्याकडं हाणली.

दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावरानं मला आतल्या खोलीत नेलं. खुंटीला गाठोडं टांगलेलं होतं. आजच दुपारच्या नमाजानंतर ते विहिरीत सोडायचं होतं, म्हणाला. मी घाईनं ते खुंटीवरून उतरवलं. गाठ सोडून पाहिलं तर साहेबांचंच अक्षर! फक्त वरच्या काही कागदांचे चौकोनी तुकडे झालेले, त्यांना गूळ चिकटलेला. आता गूळ म्हटल्यावर वाणी आलाच.

चाचाच्या गल्लीतल्या वाण्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत. "अक्कासाहेबांच्या मोलकरणीनं दोन गाठोडी रद्दी आणून टाकली की! चाचा मीठ न्यायला आले, पुडीवरचं अक्षर बघून मटकन खालीच बसले. उरलेलं मागून घेऊन गेले."

हे मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं मात्र, अक्कासाहेबांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! दुकानाच्या रद्दीचं एकच गाठोडं दे म्हटलं होतं मी तिला!" तशाच पदर सावरत त्या चौकीत आल्या आणि थेट कोठडीच्या गजांपाशी गेल्या.

"चाचा, काहून बोलला न्हाईत?"

"तुमीच नको म्हनून टाकलं, असं वाटलं मला," म्हातारा खाली मान घालून म्हणाला. "मंग कारकून आला. गाठोडं दाखवलं आसतं तर वाण्याचं नाव निघालं आसतं, अन् वाण्यानं तुमचं घेतलं आसतं. साहेबाची लेक चौकीत बसल्याली मला बघवली नसती, अक्का."

"अन् तुमाला इथं बसल्यालं मला बघवतंय व्हय?" असं म्हणून त्या जी रडायला लागल्या, की माझा जवानही पाठ फिरवून उभा राहिला.

मोहतमीमसाहेब आले तेव्हा गाठोडं टेबलावर होतं आणि कारकून पानं लावत होता.

"मुलजिम कुठाय?" त्यांनी गुरकावून विचारलं.

"मुलजिमच नाही, हुजूर. चोरी झालीच नाही. मोलकरणीच्या हातून चूक झाली, माल मिळाला. फिर्यादी तक्रार मागं घेतायत."

त्यांनी पंचनामा वाचला, माझ्याकडं एकदा रोखून पाहिलं आणि चहा मागवला. पट्टा कमरेलाच राहिला. त्यांची मोटार फाटकाबाहेर गेली तेव्हा मी खुर्चीत अक्षरशः कोसळलो आणि एकटाच मोठ्यानं हसलो.

पुढं नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, तोंड न उघडणारे तर कितीतरी पाहिले. पण गप्प बसलेल्या माणसाला 'काय लपवतोस' असं मी त्यानंतर विचारलं नाही. दार लावून घ्यायचो, शेजारी बसायचो आणि 'कुणाला वाचवतोस' एवढंच विचारायचो. मारानं न बोललेली माणसं त्या प्रश्नाला ढसाढसा रडत.